भरून ठेवलेला कूलर

ऑक्टोबरातली तलखी एके दिवशी न सांगता निघून जाते. सकाळी उठून फरशीवर पाय ठेवला की तळव्यांना आधी कळतं. नांदेडला गोदावरीकडून येणाऱ्या वाऱ्याला त्या दिवशी पहिल्यांदा थोडी धार असते. दुपारी ऊन असतंच, पण ते सावलीत आपल्या मागं येत नाही. मग बायको म्हणते, "आता तो कूलर काढा की खिडकीतून. सगळा उजेड अडवून बसलाय." मी म्हणतो, रविवारी. आणि तो रविवार मी दिवाळीपर्यंत पुढं ढकलत राहतो.

ढकलण्याचं कारण आळस नाही. टाकीचं बूच उपसलं की जो वास येतो, त्याची मला भीती वाटते. कुजलेला वाळा, गंज, गाळ आणि उन्हाळाभर साठलेलं पाणी यांचा मिळून तो वास असतो. तो नाकात शिरला की मी नांदेडात उरत नाही. मी लातूरला, दालमिलच्या मागच्या एका गल्लीत, वयाच्या सोळाव्या वर्षी उभा असतो आणि माझ्या हातात एक कंगवा असतो.

कूलर ठेवून देण्याला आमचे लातूरचे घरमालक हमीद चाचा 'कूलर बांधणं' म्हणायचे. त्यांनी शिकवलं तसंच मी अजून करतो. बूच काढायचं, मागच्या दोन पायांखाली वीट सरकवायची, म्हणजे कोपऱ्यात अडून बसलेलं पाणीही निघतं. बाजूच्या जाळीच्या ताट्या सोडवून त्यांतला वाळा उन्हात पसरायचा. टाकीच्या तळाला पांढरा क्षार धरलेला असतो, तो खरवडायचा नाही. चिंचेच्या कोळात नारळाची शेंडी बुडवून घासायचा. खरवडला की रंग जातो आणि पत्रा उघडा पडतो. मग दोन दिवस कडक ऊन द्यायचं, त्यानंतर तळाला डांबराचा हात. पाण्याची छोटी मोटर पुसून जुन्या सुती कापडात गुंडाळायची, प्लास्टिकमध्ये नाही. प्लास्टिकमध्ये तिला घाम येतो. पंख्याची पाती सुतळीनं बांधायची, वरून पोतं टाकायचं. "चालता कूलर कधी सडत न्हाई बेटा," चाचा म्हणायचे, "थांबलेला सडतो. पोटात पानी ठिवून थांबलेला तर लई लवकर."

हे सगळं मी फार नीट करतो. आणि करताना मला लाज वाटत राहते.

मी मुदखेडचा. वडील रेल्वेत गँगमन होते, आई दुसऱ्याच्या शेतात जायची. दोघांनाही सही येत नव्हती. दहावीला मला चांगले गुण पडले तेव्हा शाळेच्या गुरुजींनी वडिलांना सांगितलं, ह्याला लातूरला टाका. लातूरला टाकणं म्हणजे काय ते वडिलांना नेमकं कळलं नव्हतं. पण गुरुजींनी सांगितलं म्हणजे ते चांगलंच असणार, एवढं त्यांना कळत होतं. एसटीतून उतरताना त्यांनी माझी पेटी डोक्यावर घेतली होती. ती पत्र्याची पेटी पाहूनच हमीद चाचांनी आम्हाला खोली दिली असं मला नेहमी वाटत आलंय. त्यांनी आधी पेटीच्या डाग देऊन जोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मग विचारलं, "कुठं बनविली? झाळ चांगली हाय."

चाचांचं पत्र्याचं काम होतं. धान्याच्या कोठ्या, पेट्या, आणि फेब्रुवारीपासून नुसते कूलर. दुकान रस्त्याला, घर त्याच्या मागं. दोन्हींच्या मध्ये एक अरुंद बोळ आणि त्या बोळात भिंतीला टेकवून ठेवलेले कोरे पत्रे. घराच्या एका कडेला आमची खोली. तिथं मी आणि उदगीरकडचा बालाजी. घरात चाची आणि चौथीतली नसरीन.

चाचीचं नाव मेहरून. चाचांचे कूलर लातूरभर जायचे ते चाचांच्या पत्र्यामुळं आणि चाचीच्या ताट्यांमुळं. वाळा भरणं दिसतं तेवढं सोपं नाही. जास्त दाबला तर हवा येत नाही, सैल राहिला तर पाण्याची धार एकाच वाटेनं उतरते आणि बाकीचा कोरडा राहतो. चाची जाळीवर वाळा पसरायची तेव्हा तिची बोटं बघत राहावी अशी चालायची. केस विंचरून दिल्यासारखी. भरलेली ताटी ती उन्हाकडं धरायची. कुठंही एक मोठं भोक दिसता कामा नये आणि सगळीकडून बारीक उजेड आला पाहिजे. मग म्हणायची, "आता हिच्यातून वारा बी नीट वागल."

मी आलो तेव्हा कूलरचा हंगाम संपत आला होता. पहिल्या आठवड्यात मी जेवायच्या वेळी दारात घुटमळत होतो, तर चाचीनं आतूनच हाक मारली, "कामून उभा हाईस? पाव्हना हाईस का?" त्या दिवसापासून मी तिच्या हातचं खात होतो. बालाजी म्हणायचा, "लेका, तू इथं शिकायला आलास का दत्तक आलास?"

त्या वर्षी गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. किल्लारीकडं जे झालं ते ज्यांच्यावर गुदरलं त्यांनी सांगावं. आम्ही लातूर शहरात होतो. घर हललं, भांडी पडली, आम्ही बाहेर पळालो, वाचलो. सकाळी चाची आत गेली तेव्हा बैठकीच्या खोलीची फरशी ओली होती. खिडकीतल्या कूलरच्या टाकीतलं पाणी हिंदकळून बाहेर सांडलं होतं. ती त्या ओल्या फरशीकडं कितीतरी वेळ बघत राहिली.

चाचा त्याच आठवड्यात तो कूलर बांधणार होते. ताट्या काढूनही झाल्या होत्या. चाची आडवी आली.

"टाकी रिकामी करायची न्हाई."

"अगं, हंगाम सरला. पत्रा खातंय पानी."

"खाऊ द्या. पानी आधी हालतंय. मानसाला मागून कळतंय."

"मेहरून, मी पत्र्याचा मानूस हाव—"

"आन मी ह्या घरात झोपनारी मानूस हाव."

तो कूलर तसाच राहिला. तीन बाजूंनी उघडा, तळाशी काठोकाठ पाणी. डास होऊ नयेत म्हणून चाचीनं वरून चमचाभर रॉकेल सोडलं. त्याचा पातळ रंगीत पापुद्रा पाण्यावर पसरला. त्यामुळं तर बारीकशी लहरही दिसायला लागली. सगळं लातूर त्या दिवसांत अंगणात, रस्त्यावर, मैदानात झोपत होतं. आमची गल्लीही झोपायची. पण कूलर भरून ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी चाची नसरीनला घेऊन घरात झोपायला गेली. खाट अशी लावली की डोळे उघडले की समोर पाणी. हे बघून शेजारच्या रुक्मिणबाईंनी त्यांचा कूलर भरला, मग पलीकडच्यांनी पितळी परात भरून ठेवली. दिवसभर चाचांच्या दुकानातून पत्र्यावरच्या हातोडीचा आवाज येत राहायचा, कारण आता सगळ्यांना दगडाच्या घराऐवजी पत्र्याची शेड हवी होती. पत्र्यांची थप्पी बोळात मावेना.

मला त्या पाण्याचं हसू यायचं. मी सायन्सला होतो ना. पाणी हलेल तेव्हा खाटही हलेलच, हे मला कळत होतं. पण अकरावीच्या भौतिकशास्त्राचं पुस्तक मला कळत नव्हतं. मुदखेडच्या शाळेत ज्याला बल म्हणत होतो, ते इथं फोर्स झालं होतं. सर बोलायचे आणि मी वहीत नुसतं उतरवत राहायचो. क्लासमध्ये दर सोमवारी चाचणी असे. गुण मोठ्यानं वाचून दाखवत. लागोपाठ दोन चाचण्यांत माझं नाव शेवटून तिसरं आलं. सरांनी सांगितलं, पुढच्या सोमवारीही हेच झालं तर मागच्या तुकडीत बसायचं, आणि घरी पत्र जाईल.

मागच्या तुकडीची मला एवढी भीती नव्हती. भीती पत्राची होती. वडिलांना वाचता येत नव्हतं. आमच्या घरी कधी पत्र आलं की ते स्टेशनवर नेऊन कुणाकडून तरी वाचून घेत. म्हणजे माझे गुण मुदखेड स्टेशनच्या फलाटावर, सगळ्या गँगसमोर वाचले जाणार होते. मधे उभे असणार वडील, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. हे चित्र मला रविवारी दिवसभर दिसत राहिलं आणि पुस्तकातलं एक अक्षर दिसलं नाही.

सोमवारी सकाळी चाची बैठकीत तांदूळ निवडत बसली होती. नसरीन वेणी घालून घेण्यासाठी तिच्या पाठीला टेकून उभी. बालाजी बाहेर नळावर. मी दप्तर घेऊन खोलीतून निघालो. कूलरच्या लोखंडी स्टँडजवळून जावं लागायचं. मी थांबलो आणि मांडीनं स्टँडला एक धक्का दिला. फार जोरात नाही. रॉकेलचा रंगीत पापुद्रा फाटला, पुन्हा जुळला, परत फाटला.

"चाची," मी ओरडलो, "पाणी हाललं!"

तिनं वर बघितलं. पाणी हलत होतं.

त्यानंतर जे झालं ते इतक्या झटक्यात झालं की मलाच आश्चर्य वाटलं. चाचीनं नसरीनला उचललं. "या अल्ला, भायेर व्हा, भायेर व्हा!" चाचा दुकानातून, बालाजी नळावरून, रुक्मिणबाई त्यांच्या दारातून. बोळातून माणसं पळाली तेव्हा पत्र्यांचा मोठा आवाज झाला. त्या आवाजानं पलीकडची गल्लीही बाहेर पडली. आरडाओरडा रस्त्याला लागला, तिथून मुख्य रस्त्यावर. क्लास त्याच बाजूला होते.

मी पळालो नाही. कशाला पळू? मला माहीत होतं की काही नाहीय. मी खोलीत परत गेलो, दप्तर ठेवलं. आता चाचणी होत नाही हे कळल्यावर अंगातून काहीतरी मोठं उतरल्यासारखं वाटलं. आरशात बघितलं तर केस विस्कटले होते. मी कंगवा घेतला आणि भांग पाडायला लागलो.

बाहेर चाचीनं माणसं मोजली. नसरीन, चाचा, बालाजी. पुढचं बालाजीनं नंतर सांगितलं ते असं : ती म्हणाली, "मुदखेडचं पोरगं आत हाय." चाचा तिला धरत होते. ती हात सोडवून बोळात शिरली. पळापळीत कलंडलेला वरचा पत्रा तेव्हाच घसरला. तो डोक्यावर येईल म्हणून तिनं उजवा हात वर केला.

मी भांग पाडत होतो तेव्हा मला तिचा आवाज आला. माझ्या नावाची हाक होती ती, किंकाळी नव्हती.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. टाके पडले, जखम भरली, पण आतल्या शिरा तुटल्या होत्या. ती दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून ती घरी आली तेव्हा गल्ली जमलेली. आणि मी तिथं जे ऐकलं ते मी आयुष्यभर विसरू शकलेलो नाही.

"मोठा नव्हता, पण होता," रुक्मिणबाई म्हणाल्या. "माझ्या हातातली कढई हालली की."

"नळाचं पाणी वाकडं पडाया लागलं होतं," बालाजी म्हणाला. "आईशप्पथ."

क्लासच्या सरांनीही दुसऱ्या दिवशी सांगितलं, आम्हाला फळ्यापाशी जाणवलं. चाचणी शुक्रवारवर गेली. गल्लीभर सगळ्यांना धक्का बसला होता, एक मला सोडून.

आणि चाची सगळ्यांना माझ्याकडं बोट करून, म्हणजे डाव्या हाताचं बोट करून, सांगत होती, "ह्या लेकरानं पानी बघितलं म्हनून कळलं. न्हाईतर मी तांदूळच निवडीत बसले असते."

त्या चार दिवसांत मी अभ्यास केला. दुसरं काही करताच येत नव्हतं. चाचीच्या समोर जायला नको म्हणून पुस्तक धरून बसलो, आणि धरून बसल्यावर त्यातलं थोडं थोडं उलगडायला लागलं. शुक्रवारी माझं नाव मधे कुठंतरी आलं. मुदखेडला पत्र गेलं नाही. पुढं बारावी झाली, विष्णुपुरीला इंजिनिअरिंग झालं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. मुदखेडला पेढे वाटल्यावर वडिलांनी दुसरा पेढ्यांचा पुडा बांधून मला लातूरला पाठवलं. चाचीनं पेढा उजव्या हातानंच माझ्या तोंडाशी आणला. द्यायचं ते उजव्या हातानं, हा तिचा नेम. अंगठा आणि दोन बोटं यांच्यात धरलेला पेढा, आणि बाजूला सरळ उभी राहिलेली दोन बोटं माझ्या गालाला लागत होती.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी पेढा खाल्ला.

लातूर नंतर बघता बघता बदललं. गल्लोगल्ली क्लासचे बोर्ड, बोर्डांवर पोरांचे फोटो, प्रत्येक घरात दोन खोल्या वर चढवून भाड्यानं. जून महिन्यात एसटी स्टँडवर पेट्या आणि गाद्या घेतलेले बाप दिसायचे, माझ्या वडिलांसारखेच इकडंतिकडं बघत. चाचांनीही वरती तीन खोल्या काढल्या. नव्या पोरांना चाची आधी कूलर दाखवायची. हे पाणी. हे हाललं की पळायचं. आणि माझी गोष्ट सांगायची. दरवर्षी ती गोष्ट थोडी वाढत गेली. एकदा मी गेलो असताना एका पोरानं मला वाकून नमस्कार केला. "सर, ते पाणी तुम्हीच बघितलं होतं ना?"

मधल्या वर्षांत लातूरला पाण्याचे किती हाल झाले ते सगळ्यांना माहीत आहे. पंधरा-पंधरा दिवस नळ यायचा नाही, लोक टँकरमागं कळशा घेऊन पळायचे. त्याही दिवसांत चाची टाकीतलं पाणी आटू द्यायची नाही. अंघोळीचं कमी करायची, पण सकाळी एक तांब्या कूलरला. आणि चाचा दरवर्षी तळ बदलायचे. उन्हाळा आला की जुना सडलेला तळ कापून नवा पत्रा झाळायचे. वरचा सांगाडा तोच, तळ किती झाले ते त्यांनाच माहीत.

मी नांदेडला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. ज्या विषयानं मला रडवलं तोच. मला हे काम आवडतं, आणि ज्यांच्यामुळं मी इथवर आलो त्यांची नावं मी पोरांना सांगतो. गुरुजींचं, वडिलांचं, चाचा-चाचींचं. चाचीचं नाव घेताना पुढचं वाक्य मला येत नाही. तरंग शिकवायचे असतात तेव्हा मी टेबलावर परातीत पाणी घेतो आणि परातीला बोटानं टिचकी मारतो. पोरं बघतात. दरवर्षी माझा हात टिचकी मारण्याआधी क्षणभर थांबतो. पोरांना वाटतं, सर नाट्य करतायत.

चाचा तीन वर्षांपूर्वी गेले. यंदा दिवाळीआधी माझा कूलर बांधून झाला आणि मी हात पुसत होतो, तेवढ्यात चाचीचा फोन आला. दरवर्षी येतोच. "बांधला का कूलर? मोटर कापडात गुंडाळली का?" मी म्हणालो, हो. मग ती म्हणाली, "आमच्या कूलरचा तळ गळाया लागला बेटा. तुजे चाचा न्हाईत आता. कोन झाळंल?"

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी लातूरला गेलो. घर आता स्लॅबचं. कूलर मात्र त्याच खिडकीत, तीन बाजूंनी उघडा, पाण्यानं भरलेला. खाली परात, तिच्यात थेंब थेंब. मी तळाखाली हात घातला. चाचांच्या झाळीचे उंचवटे बोटांना लागले, कडेनं एकावर एक थर. नसरीन आता तिथंच आईजवळ राहते. ती चहा ठेवायला आत गेली. चाची सुपात डाळ घेऊन बसली होती.

"चाची, त्या दिवशी पाणी मी हलवलं होतं."

"कोन्या दिवशी?"

"तुमचा हात कापला त्या दिवशी. भूकंप नव्हता. माझी चाचणी होती."

सूप थांबलं.

"म्हंजी, पानी हाललं न्हवतं?"

"हाललं होतं. मी स्टँडला धक्का दिला होता."

तिनं सूप खाली ठेवलं. मग जणू मलाच सावरून घेतेय अशा आवाजात म्हणाली, "रुक्मिनबाईला बी धक्का लागला होता की. बालाजीला."

"नव्हता लागला चाची. कुणालाच नव्हता."

मला वाटत होतं ती हाताकडं बघेल. मी त्याचीच तयारी करून गेलो होतो. तिनं हाताकडं बघितलंच नाही. ती कूलरकडं बघत होती.

"तुज्या चाचाला सांगितलं होतंस का?"

"नाही."

"दरसाली तळ बदलला त्या मानसानं. दरसाली म्हनायचे, मेहरून, आता तरी रिकामा करू दे, पत्र्याचं मला कळतंय. आन मी म्हनायची, त्या पोराला दिसलं होतं. मी त्यांचं कवाच ऐकलं न्हाई. तुजं ऐकलं."

तीस वर्षं मी दोन बोटांचा विचार करत आलो होतो. चाचांचा विचार मी केलाच नव्हता. आपल्या घरातला आपणच बनवलेला कूलर त्यांना कधी बांधता आला नाही. मला मात्र त्यांनी तो बांधायला शिकवलं होतं.

"काढ बूच," चाची म्हणाली.

लाकडाचं बूच होतं, चिंधी गुंडाळलेलं. ओढलं तर हातातच भुगा झाला. पाणी अंगणात गेलं, भिंतीच्या सावलीपर्यंत पसरलं. मी विटा लावल्या, गाळ काढला, क्षार घासला. दोन दिवस राहिलो. तळ झाळून आणला, डांबर दिलं. चाची दाराशी बसून बघत होती. चुकलं तिथं "कोपरा ऱ्हायला" एवढंच म्हणायची. शेवटी मी मोटर पुसली आणि कापडात गुंडाळायला घेतली, तर तिनं ती माझ्या हातातून घेतली. वाकणारी तीन बोटं आणि न वाकणारी दोन. कापडाचं टोक दोनदा निसटलं. मी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे. तुला जमायचं न्हाई."

निघताना मी पाया पडलो. दरवेळी ती डोक्यावर हात ठेवते आणि "येत जा" म्हणते. या वेळी नुसता हात ठेवला.

नांदेडला येऊन मी एक रबरी बूच विकत घेतलं. का घेतलं ते मला सांगता आलं नसतं. शर्टाच्या खिशात ते राहिलं. बायकोनं धुवायला टाकताना दोनदा काढून टेबलावर ठेवलं, मी दोनदा परत खिशात घातलं. डिसेंबर लागला. पोचलास का विचारायलाही चाचीचा फोन आला नव्हता. शेवटी मीच केला. नसरीननं उचलला.

"अम्मी कशी आहे?"

"बरी हाय भैया. पर अंगनात झोपायला लागली. एवढ्या थंडीत. आम्ही लई सांगितलं, ऐकत न्हाई. आत डोळा लागत न्हाई म्हनती."

मी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसून राहिलो. खरं बोलून मोकळं व्हायचं म्हणून मी लातूरला गेलो होतो. मोकळा मी झालो होतो. कूलर भरून ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी ती ज्या भरवशावर घरात झोपायला गेली होती, तो मी बूच उपसून अंगणात ओतून आलो होतो. आधी खोटं बोलून तिची बोटं घेतली, मग खरं बोलून झोप. आणि दोन्ही वेळा मला आधी माझंच हलकं व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सुट्टी सांगून सकाळची एसटी धरली. चाची अंगणात उन्हाला बसली होती, बाजूला गुंडाळलेली वळकटी. मी थेट आत कूलरकडं गेलो. पोतं काढलं, बूच बसवलं, हातानं दाबून बघितलं. नसरीननं बादल्या भरून दिल्या, मी ओतत गेलो. डांबराचा काळा तळ दिसेनासा झाला. पत्रा सडेल, हे मला कळत होतं. पाणी आधी हलत नाही, हेही कळत होतं. उन्हाळ्याआधी येऊन तळ मीच झाळून आणायचा, हे मी मनात धरूनच आलो होतो.

चाची उठून आत आली. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून तिनं खोबरेल तेलाच्या बाटलीतले चार थेंब पाण्यावर सोडले. ते वाकडेतिकडे फिरत राहिले, मग मंदावले. आम्ही दोघं टाकीवर वाकून उभे होतो. पाणी पूर्ण थांबायला बराच वेळ लागला. थांबल्यावर त्यात खिडकीचे गज सरळ दिसायला लागले.

स्टँड नीट टेकलंय का बघायला मी त्याच्याकडं हात नेला.

"आता हात नको लावू," चाची म्हणाली.